तुला कोणी नेमलं?

६ ऑक्टोबर १९४३. आपल्याकडे नवरात्राचे दिवस होते. तिकडे ज्यूंचा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा मोठा उपवास, तीन दिवसांवर आला होता. अशा दिवसांत रब्बी, म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू, आपल्या लोकांना सोडून सहसा कुठे जात नाही. त्या दुपारी मात्र वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनातून चारशेच्या आसपास रब्बी बाहेर पडले. काळे पायघोळ कोट, छातीवर रुळणाऱ्या दाढ्या. बरेचसे वयस्कर, काहींना इंग्रजी जेमतेम येणारं. रांगेने चालत ते संसदभवनाच्या पायऱ्यांपाशी गेले. तिथे उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस त्यांना भेटले, चार शब्द बोलले. मग मंडळी लिंकनच्या स्मारकापाशी प्रार्थनेला थांबली आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या फाटकापाशी आली. मागणी एवढीच होती की युरोपातले ज्यू मारले जात आहेत, जे उरलेत त्यांना वाचवण्यासाठी सरकारने एक स्वतंत्र यंत्रणा उभी करावी.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्यांना भेटले नाहीत. त्यांच्या सचिवाने निवेदन घेतलं. राष्ट्राध्यक्ष कामात आहेत, असं रब्बींना सांगण्यात आलं. प्रत्यक्षात त्या दुपारी त्यांच्या दिनक्रमात सवड होती. मोर्चा समोर असताना ते मागच्या बाजूने गाडीत बसून एका विमानतळावरच्या लष्करी समारंभाला निघून गेले. ही मंडळी अमेरिकेतल्या ज्यू समाजाचे खरे प्रतिनिधी नाहीत, असं त्यांच्या कानावर घालण्यात आलं होतं. घालणारे त्यांचे ज्यू सल्लागारच होते.

महायुद्ध चालू असताना, ज्यूंना वाचवा म्हणून अमेरिकेच्या राजधानीत निघालेला हा एकमेव मोर्चा. तो ज्याने घडवून आणला तो माणूस अठ्ठावीस वर्षांचा होता, अमेरिकेचा नागरिक नव्हता, आणि तिथे ज्या नावाने वावरत होता ते त्याचं खरं नाव नव्हतं. पीटर बर्गसन हे घेतलेलं नाव. आईबापांनी ठेवलेलं नाव हिल्लेल कूक.

अहमदपुरात बसून वॉशिंग्टनच्या रस्त्यावरची गोष्ट मी का सांगतो आहे, हा प्रश्न रास्त आहे. १९४३ साली आमचं अहमदपूर निजामाच्या राज्यात होतं, बीदर जिल्ह्याचा एक तालुका. स्टेट काँग्रेसवर बंदी होती. सभा घ्यायला परवानगी लागत होती. आपल्या माणसांवर जे चाललं आहे ते बाहेरच्या जगाला सांगायचं कसं आणि सांगणार कोण, हा प्रश्न इथल्या लोकांनीही पाहिला आहे. जो सांगायला उभा राहतो त्याला आधी आपलेच लोक विचारतात, ‘तू कोण टिकोजी? तुला कोणी नेमलं?’ कूकला हा प्रश्न जन्मभर विचारला गेला. त्याच्या मृत्यूनंतरही तो विचारला जातोच आहे. म्हणून हे लिहितो आहे.

हिल्लेल कूकचा जन्म १९१५चा, लिथुआनियातला. घराणं मोठ्या नावाचं. चुलते अब्राहम आयझॅक कूक हे ब्रिटिश अमलातल्या पॅलेस्टाईनचे पहिले अश्केनाझी प्रमुख रब्बी. वडीलही रब्बी. हिल्लेल नऊ-दहा वर्षांचा असताना कुटुंब पॅलेस्टाईनला आलं आणि अफुला गावी राहिलं. मुलगा धार्मिक पाठशाळेत शिकला खरा, पण ओढ दुसरीकडे होती. १९३१च्या सुमारास ‘इर्गुन’ ही सशस्त्र भूमिगत संघटना निघाली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत तो होता. १९३७मध्ये तो पोलंडला गेला. ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनचे दरवाजे लावत आणले होते. तेव्हा बोटी भरभरून ज्यूंना चोरून तिकडे पोचवण्याचं काम ही मंडळी करत. पुढे १९३९च्या श्वेतपत्रिकेने पाच वर्षांत ७५ हजार ज्यूंपलीकडे कोणाला येऊ द्यायचं नाही, असं ठरवूनच टाकलं. हिटलरच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या लाखोंसाठी ७५ हजार जागा.

१९४०मध्ये कूक अमेरिकेत आला. ज्यांना तो नेता मानायचा ते झेव जाबोटिन्स्की त्याच ऑगस्टमध्ये तिथे वारले. मागे राहिली सात-आठ तरुण पोरं: सॅम्युअल मर्लिन, यित्झाक बेन-आमी, एरी जाबोटिन्स्की, अलेक्झांडर राफाएली, आर्ये बेन-एलिएझर. सगळे परदेशी, खिशात पैसे नाहीत, मागे कुठली मान्यवर संस्था नाही. रब्बींच्या घराण्याला झळ नको म्हणून हिल्लेलने नाव बदललं. सुरुवातीची त्यांची मागणी होती ज्यूंच्या स्वतंत्र सैन्याची. हिटलरशी ज्यू म्हणून लढू द्या, एवढंच मागणं घेऊन ते खासदारांच्या दारोदार फिरत होते.

२५ नोव्हेंबर १९४२च्या सकाळी हे सगळं बदललं. कूक वॉशिंग्टनमध्ये होता. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी होती. अमेरिकेतल्या ज्यूंचे पुढारी रब्बी स्टीव्हन वाइझ यांनी आदल्या दिवशी जाहीर केलं होतं की नाझींनी वीस लाख ज्यू मारले आहेत आणि उरलेल्यांना संपवण्याची योजना आखली आहे. वीस लाख माणसं, आणि बातमी आतल्या पानावर. ती माहिती ऑगस्टमध्येच स्वित्झर्लंडहून निघाली होती. गेऱ्हार्ट रीग्नर नावाच्या माणसाने तार पाठवली होती. परराष्ट्र खात्याने वाइझना सांगितलं, खात्री होईपर्यंत बोलू नका. वाइझ थांबले. जवळजवळ तीन महिने.

सैन्याची मागणी कूकने त्याच दिवसांत बाजूला ठेवली. आता मागायचं फक्त एक: माणसं वाचवा.

पुढच्या वर्षभरात या पोरांनी जे केलं तसं अमेरिकेतल्या ज्यूंनी आधी पाहिलं नव्हतं. १६ फेब्रुवारी १९४३ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांची पानभर जाहिरात आली. रुमानियाचं सरकार ट्रान्सनिस्ट्रियात अडकलेले ७० हजार ज्यू प्रवासखर्चाच्या बदल्यात सोडायला तयार आहे, अशी बातमी तीन दिवसांपूर्वीच छापून आली होती. बेन हेक्ट हा हॉलिवूडचा नावाजलेला पटकथाकार. बाजारात जनावराची किंमत सांगावी तशा भाषेत त्याने जाहिरात लिहिली: ७० हजार ज्यू विकणे आहे, नग पन्नास डॉलर. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, हाच हेतू होता. आणि इथे पहिल्यांदा कूकवर गंभीर आरोप झाला, तो मला पूर्ण खोटा वाटत नाही. जाहिरातीखाली वर्गणीचं कूपन होतं. पन्नास डॉलर पाठवले की एक जीव वाचतो, असं साध्या वाचकाला वाटणं स्वाभाविक होतं. पैसा जाणार होता पुढच्या प्रचाराला. रुमानियाच्या प्रस्तावाची खातरजमाही झालेली नव्हती. वाइझ यांच्या संघटनेने यावर जाहीर टीका केली.

मार्चच्या ९ तारखेला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘वी विल नेव्हर डाय’ हा भव्य प्रयोग झाला. शब्द हेक्टचे, संगीत कुर्ट वाइलचं, आणि रंगमंचावर पॉल म्युनी आणि एडवर्ड रॉबिन्सनसारखे नट. एका रात्रीत दोन खेळ, ४० हजार प्रेक्षक. पाठीमागे दहा आज्ञांच्या दोन प्रचंड शिळा उभारलेल्या, आणि त्यांच्यासमोर मेलेल्यांची प्रार्थना म्हटली गेली, कारण ती म्हणायला त्यांच्या घरचं कोणी उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये हाच प्रयोग वॉशिंग्टनला झाला तेव्हा एलिनॉर रूझवेल्ट, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि शेकडो खासदार समोर बसले होते. प्रयोगासाठी सगळ्या ज्यू संघटनांनी मिळून पुढे यावं म्हणून प्रयत्न झाला होता. मोठ्या संस्था एकत्र यायला तयार झाल्या नाहीत.

१९ एप्रिल १९४३ ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी वॉर्साच्या कोंडवाड्यातल्या ज्यूंनी हातात मिळेल ते शस्त्र घेऊन जर्मन फौजेवर हल्ला केला. त्याच दिवशी बर्म्युडा बेटावर ब्रिटन आणि अमेरिकेचे मुत्सद्दी निर्वासितांच्या प्रश्नावर चर्चेला बसले. बारा दिवस चर्चा झाली. निष्पन्न काही झालं नाही. कारण तेच सांगितलं गेलं, जे त्या वर्षी सगळीकडे सांगितलं जात होतं: जहाजं नाहीत.

जहाजं नाहीत, हे उत्तर हिंदुस्थानातल्या माणसाने त्याच वर्षी ऐकलं होतं. बंगालमध्ये दुष्काळ पडला होता. तीसेक लाख माणसं त्यात गेली. धान्य आणायला जहाजं मिळत नव्हती. सरकारी कागदावर दुष्काळ हा शब्दसुद्धा येऊ दिला जात नव्हता. ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी २२ ऑगस्टच्या अंकात कलकत्त्याच्या रस्त्यावर मरून पडलेल्यांची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठे जगाला कळलं. इंग्रज मालकीच्या वर्तमानपत्राचा इंग्रज संपादक. त्यालाही हे करायला कोणी नेमलं नव्हतं. कूकचा मोर्चा निघाला तो ह्या छायाचित्रांनंतर दीड महिन्याने. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

आणि जहाजं होती. युद्ध संपेपर्यंत चार लाखांहून जास्त युद्धकैदी अमेरिकेने समुद्रापलीकडून नेऊन आपल्याकडे ठेवले. अमेरिकेचं सामान उतरवून कितीतरी बोटी युरोपातून रिकाम्या परतत. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३पासून पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित येऊन राहिले, ते १९४८पर्यंत. रशियातून सुटलेली ही बहुतेक बायका-मुलं इराणमार्गे आली. म्हणजे ठरवलं की माणसं नेता येत होती.

हिंदुस्थानचा स्वतःचा हिशेबही इथेच मांडायला हवा. आपल्या देशात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बव्हंशी खरं आहे. कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम करत नसत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पण १९३० नंतर जर्मनी-ऑस्ट्रियातून जे ज्यू इकडे येऊ बघत होते, त्यांच्यासाठी दार फारसं उघडं नव्हतं. मुंबईत १९३४मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली. येणाऱ्याला काम मिळेल, तो सरकारवर भार होणार नाही, अशी हमी ही संस्था देई, तेव्हा ब्रिटिश सरकार त्याला उतरू देई. अशाने आलेले फार तर एक-दोन हजार. परदेशी पदव्यांच्या डॉक्टरांना इथे व्यवसाय करू द्यायचा का, यावर मुंबईतल्या वैद्यकीय वर्तुळात नाराजी होती. नेहरूंनी काँग्रेसमध्ये अशा निर्वासितांच्या बाजूने ठराव आणायचा प्रयत्न केला. सुभाषबाबूंना तो अजिबात पटला नाही आणि मार्च १९३९मधल्या नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो राग बोलून दाखवला. युद्ध सुरू होताच यातल्या कित्येकांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून नजरकैदेत टाकलं गेलं, अहमदनगरच्या छावणीत नाझी समर्थकांच्या शेजारी.

जे आले त्यांनी काय दिलं, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला वेगळं सांगायला नको. पहाटे रेडिओ लावला की कार्यक्रम सुरू होण्याआधी आकाशवाणीची जी धून वाजायची, तंबोऱ्याच्या स्वरावर व्हायोलिन, ती वॉल्टर कौफमान यांच्या नावावर आहे. कार्ल्सबादचा हा ज्यू संगीतकार १९३४मध्ये मुंबईला आला. व्हिएन्नाची नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ला आली, मुंबईत तिने नृत्यशाळा काढली. तिच्या घरचे मागे राहिले आणि मारले गेले. आणि आमच्या हैदराबादशी बांधलेलं एक नाव आहे, मुहम्मद असद. लेम्बर्गमध्ये ज्यू घरात जन्मलेला लिओपोल्ड वाइस इस्लाम स्वीकारून मुहम्मद असद झाला आणि निजामाच्या आश्रयाने निघणाऱ्या ‘इस्लामिक कल्चर’ या नियतकालिकाचा काही काळ संपादक होता. १९३९च्या वसंतात तो व्हिएन्नातल्या वडिलांना बाहेर काढता येतं का हे पाहायला युरोपात गेला. जमलं नाही. परत आल्यावर ब्रिटिशांनी त्याला ऑस्ट्रियन म्हणून पकडलं ते १९४५पर्यंत सोडलं नाही. त्याच काळात त्याचे वडील आणि बहीण नाझींच्या हातून मेले. एक माणूस हिंदुस्थानच्या छावणीत, जर्मनांचा म्हणून बंद. त्याचा बाप युरोपात, ज्यू म्हणून.

कूकच्या बाबतीत मला सर्वांत अवघड वाटतं ते त्याच्या विरोधकांबद्दल लिहिणं. शत्रू असते तर सोपं होतं. ते सगळे आपलेच, आणि बरेचसे भले लोक होते. स्टीव्हन वाइझ त्या वेळी सत्तरीकडे झुकलेले. आयुष्यभर ज्यूंसाठी आणि गरिबांसाठी झिजलेले. रूझवेल्टशी त्यांचं जाणं-येणं होतं, आणि हा दरवाजा उघडा राहायचा असेल तर राष्ट्राध्यक्षाला चारचौघांत अडचणीत आणायचं नाही, असा त्यांचा विचार होता. अमेरिकेत तेव्हा ज्यूद्वेष उघडपणे बोलला जात होता. हे युद्ध ज्यूंसाठी चाललंय, असं लोकांना वाटलं तर काय, ही भीती पोकळ नव्हती. त्यात कूक इर्गुनचा. मुख्य झायोनिस्ट, म्हणजे ज्यू राष्ट्रासाठी झटणाऱ्या, संघटनांच्या दृष्टीने ही फुटीर, बेबंद माणसं. आज त्यांना मूठभर जणांची टोळी पानभर जाहिराती देऊन साऱ्या ज्यूंच्या नावाने बोलताना दिसत होती, उद्या जगाने त्यांनाच ज्यूंचे पुढारी मानलं तर?

हे सगळं समजून घेतलं तरी पुढचं समजून घ्यायला जड जातं. कूकच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागला. एफबीआयने पाळत ठेवली, करखात्याने हिशेब तपासले. खटला भरावा असं काही हाती लागलं नाही. नाहुम गोल्डमान हे झायोनिस्ट चळवळीतलं मोठं नाव. मे १९४४मध्ये ते परराष्ट्र खात्यात गेले आणि कूकला एकतर देशाबाहेर घालवा किंवा सैन्यात भरती करून टाका, असं सुचवून आले. हंगेरीतून ऑशविट्झला गाड्या सुटायला लागल्या तो हा महिना. १५ मे ते ९ जुलै, आठ आठवड्यांत चार लाखांहून जास्त माणसं. त्या दिवसांत वॉशिंग्टनच्या एका कार्यालयात एक ज्यू नेता दुसऱ्या ज्यू कार्यकर्त्याला गप्प कसं करावं हे सांगत होता. ह्या नोंदी मी जितक्या वेळा आठवतो तितक्या वेळा आत काहीतरी तुटतं.

मोर्चाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. रब्बी परत गेले, पण विषय संसदेत शिरला. ९ नोव्हेंबर १९४३ला सिनेटर गाय जिलेट आणि प्रतिनिधिगृहात विल रॉजर्स (धाकटे) यांनी ठराव मांडला: ज्यूंना वाचवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी खास आयोग नेमावा. कूकच्या मंडळींनीच तो घडवला होता. सुनावणीत वाइझ यांनी ठरावावर बोट ठेवलं की यात पॅलेस्टाईनचा उल्लेख नाही. कूकने तो मुद्दाम टाळला होता. घर जळत असताना कोणती खोली कोणाची यावर वाद नको, माणसं आधी बाहेर काढा, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं इथे तो शंभर टक्के बरोबर होता.

मग परराष्ट्र खात्याचे ब्रेकिन्रिज लाँग साक्षीला आले. बंद दाराआड त्यांनी सांगितलं की १९३३पासून अमेरिकेने ५ लाख ८० हजार निर्वासित घेतले आहेत, आता वेगळा आयोग कशाला? डिसेंबरमध्ये ही साक्ष छापून बाहेर आली आणि आकडा फसवा निघाला. जास्तीत जास्त जेवढे व्हिसा देता आले असते तेवढ्यांचा तो आकडा होता, आले होते त्याहून कितीतरी कमी. लाँग यांची लाज गेली ती गेलीच, ठरावाला मात्र बळ आलं.

त्याच वेळी अर्थखात्यात वेगळीच गोष्ट उघडी पडत होती. जोसाया डुबॉइस आणि जॉन पेली हे तिथले तरुण अधिकारी, दोघेही ज्यू नव्हते. परराष्ट्र खात्याने फेब्रुवारी १९४३मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आपल्याच वकिलातीला, ज्यूंच्या हत्येच्या बातम्या पुढे पाठवू नका, असं कळवलं होतं. ती तार त्यांनी शोधून काढली. म्हणजे मदत करायची नाही एवढंच नव्हे, तर माहितीही येऊ द्यायची नाही. डुबॉइसने अहवाल लिहिला आणि त्याला मथळा दिला: ज्यूंच्या हत्येला या सरकारने दिलेल्या मूक संमतीविषयी. तारीख १३ जानेवारी १९४४. अर्थमंत्री हेन्री मॉर्गेनथाऊ यांनी मथळा बदलून सौम्य केला, मजकूर घेऊन १६ तारखेला रूझवेल्टसमोर बसले. संसदेत ठराव येतोय, त्याआधी तुम्ही काही केलं नाही तर नाचक्की होईल, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. २२ जानेवारीला राष्ट्राध्यक्षांनी वॉर रेफ्युजी बोर्ड स्थापन केल्याचा आदेश काढला.

वाद पेटतो तो इथे. या बोर्डाने राउल वॉलेनबर्ग या स्वीडिश माणसाला बुडापेस्टला पाठवण्याची व्यवस्था केली. तो जुलै १९४४मध्ये तिथे पोचला आणि त्याने हजारोंना स्वीडिश संरक्षणपत्रं वाटली. बोर्डाच्या कामामुळे दोन लाखांपर्यंत जीव वाचले, असा अंदाज इतिहासकार डेव्हिड वायमन यांनी मांडला. काहींना तो फुगवलेला वाटतो. श्रेय कोणाचं, यावर तर एकमत नाहीच. अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांचं की रस्त्यावर ओरडणाऱ्या कूकचं? माझं मत असं की अहवाल नसता तर ठराव समितीत अडकला असता आणि ठराव नसता तर अहवाल फायलीत. आणि आणखी एक गोष्ट, जी कूकचे भक्त सहसा बोलत नाहीत. बोर्डाच्या कामाला सरकारने दिलेला पैसा अगदी थोडा. बहुतांश खर्च ज्यू संस्थांनी उचलला, त्यातही ‘जॉइंट’ या जुन्या, मान्यवर, गाजावाजा न करणाऱ्या संस्थेने. ज्यांनी कूकला जवळ केलं नाही त्या वर्तुळातल्याच देणगीदारांच्या पैशावर कूकने मागितलेलं बोर्ड चाललं.

स्वतः कूक तोवर पुढे गेला होता, आणि माझ्या मते चुकला होता. मे १९४४मध्ये त्याने वॉशिंग्टनमध्ये एक भव्य इमारत घेऊन ‘हिब्रू राष्ट्रा’चा दूतावास उघडला. त्याचं म्हणणं तात्त्विकदृष्ट्या विचार करण्यासारखं होतं: ज्यू हा धर्म, हिब्रू हे राष्ट्र. अमेरिकेतला ज्यू अमेरिकन, पॅलेस्टाईनमध्ये राहू इच्छिणारा तो हिब्रू. पण ज्यांनी आजवर त्याला उघड पाठिंबा दिला होता तेही बिचकले. राज्य नाही, निवडणूक नाही, आणि दूतावास? ‘तुला कोणी नेमलं’ हा प्रश्न या एका वेळी बिनतोड होता.

१९४८चा जून. इकडे त्याच महिन्यात निजामाशी चाललेल्या वाटाघाटी मोडल्या. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची शिबिरं होती, गावागावांत रझाकारांचा धाक होता. तिकडे इस्राएल जन्मून महिना झाला होता. इर्गुनची शस्त्रं आणि माणसं घेऊन ‘अल्तालेना’ नावाचं जहाज किनाऱ्याला लागलं. शस्त्रं कोणाच्या ताब्यात जायची यावरून बेन-गुरियनच्या सरकारचं आणि इर्गुनचं फाटलं. २२ जूनला तेल अवीवच्या किनाऱ्यावर नव्या देशाच्या सैन्याने ते जहाज तोफेने पेटवलं. इर्गुनचे १६ आणि सैन्याचे ३, असे १९ जण गेले. ज्या लोकांना चारच वर्षांपूर्वी जगात थारा नव्हता, ते एकमेकांवर गोळ्या झाडत होते. कूकला साथीदारांसह अटक झाली, तो दोनेक महिने कोठडीत राहिला.

पुढे तो इर्गुनचा पुढारी बेगिन याच्या हेरूत पक्षातून पहिल्या संसदेवर निवडून आला. ही सभा मुळात संविधान लिहायला निवडली होती. ती साधी संसद होऊन बसली आणि संविधान राहूनच गेलं, याचं त्याला शेवटपर्यंत वाईट वाटत होतं. लवकरच त्याचं बेगिनशीही बिनसलं. १९५१नंतर तो अमेरिकेला गेला, शेअरबाजारात काम केलं आणि पैसे कमावले. १९६८ला इस्राएलला परतला. ऑगस्ट २००१मध्ये वारला. चाळीशीही गाठली नव्हती तेव्हाच त्याचं सार्वजनिक आयुष्य संपलं होतं. प्रस्थापितांनी त्याला वगळलं यात नवल नाही. ज्या पक्षाला त्याच्यावर हक्क सांगता आला असता त्यालाही तो नकोच होता.

आमच्याकडे दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. हुतात्म्यांची आणि स्वातंत्र्यसैनिकांची नावं घेतली जातात. त्या लढ्यात स्टेट काँग्रेस होती, आर्य समाज होता, कम्युनिस्ट होते, कोणत्याच यादीत न बसणारे होते. कोणाला सन्मानपत्र मिळालं आणि कोणाला तुरुंगाचा दाखला नाही म्हणून राहून गेलं, याच्या गोष्टी गावोगाव आहेत. ज्याच्या मागे संघटना उरते त्याचं नाव वाचलं जातं. कूकच्या मागे संघटना उरली नव्हती.

१९८०च्या दशकात त्याचं नाव पुन्हा वर आलं ते भांडणातूनच. लॉरेन्स जार्विक या तरुणाने काढलेल्या १९८२च्या माहितीपटात तो कॅमेऱ्यासमोर बोलला. अमेरिकन ज्यूंनी त्या काळात काय केलं हे तपासायला माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. मसुदा लिहिण्यात कूकचा जुना सोबती मर्लिन होता. संस्थांवरचा ठपका वाचून सदस्य खवळले आणि आयोग मोडकळीला आला. लूसी डाविडोविच यांच्यासारख्या जाणत्या इतिहासकाराने कूक आणि मंडळींच्या कामाला प्रसिद्धीपलीकडे फारशी किंमत दिली नाही. १९८४ला वायमन यांचं पुस्तक आलं, त्यात त्यांनी उलट बाजू कागदपत्रांनिशी मांडली. १९९३मध्ये वॉशिंग्टनला ज्यूसंहाराचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. कूक तेव्हा हयात होता, पण तिथल्या कायम प्रदर्शनात त्याच्या गटाला जागा नव्हती. लोकांनी अर्ज-विनंत्या केल्या. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ती माहिती लावली गेली.

क्लोद लान्झमान यांनी ‘शोआ’ हा नऊ तासांहून मोठा चित्रपट केला, त्यासाठी १९७८मध्ये कूकची मुलाखत घेतली होती. वय त्रेसष्ट, इंग्रजीला हिब्रूचा वळसा. १९८५ला चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ही मुलाखत त्यात नव्हती. वापरात न आलेली रिळं आज त्या संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. रब्बींचा मोर्चा लिंकनच्या स्मारकाकडून निवासाच्या फाटकाकडे गेला तो भाग तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.